इंदूचा गोठा

इंदे,

आपल्या समाजाच्या मासिकात मागच्या पानावर गेलेल्या माणसायचे फोटो छापून येतात. खाली लिहिलेलं असते, मनमिळाऊ होत्या, प्रेमळ होत्या, कोणाशी वैर नव्हतं. आपली नात पायल म्हणे, "आबा, आजीवर तुमीच लिहा, मी शुद्ध करून देईन." म्हणून लिहून राह्यलो. माही शाळा चौथीपर्यंत, ते तुले माहीतच आहे. पण एक गोष्ट पहिलेच सांगून टाकतो. तू मनमिळाऊ नव्हती. तुहं वैर होतं, अन् ते तू रोज पाणी घालून जगवत होती. मले ते आवडे. आता ते माह्या वाट्याले आलं आहे, अन् मी काही त्याले वाळू देणार नाही.

वैर कोणाशी, ते गावात सारे जाणतात. पण हे मासिक दूरदूर जाते, म्हणून लिहितो. दिगंबर, तुहा पाठचा भाऊ. त्याले तुनं काखेत घेऊन मोठं केलं. त्याचं कृषी केंद्र निघालं तवा नारळ तुह्या हातानं फुटला. बीटी कपाशीच्या बियाण्याची थैली आपण दरसाली त्याच्याकडूनच आणली. पावती कधी मागितली नाही. भावाले कोण पावती मागते?

त्या साली थैलीवर नाव नेहमीचंच होतं, आत काय होतं देव जाणे. पऱ्हाटी माणसाएवढी झाली, बोंडं धरली, अन् फोडून पाहावं त्या बोंडात गुलाबी अळी. शेजारच्या वावरात बी अळी होती, पण त्यायले वेचायले तरी काही राह्यलं. आपल्या वावरात किडकी बोंडं झाडावर कवड्या लटकल्यावानी दिसत. तू तक्रार केली. साहेब पंचनाम्याले आले, धुऱ्यावर अर्धं गाव उभं. साहेबानं विचारलं, बियाणं कुठून घेतलं? तुनं दिग्याकडे बोट दाखवलं. अन् दिग्या म्हणे, "साहेब, हे माह्या दुकानातलं नाही. ताईनं घरची सरकी टोबली असन. तिले सवय हाये."

धुऱ्यावरचे लोक हसले. ज्यायच्या बायका टोबणीले, बी पेरायले, तुले पहिले बोलवत, तेच हसले. साहेबानं तसंच लिहून घेतलं.

नुकसान झालं ते झालं. कास्तकाराले नुकसान नवं नाही. आपण पऱ्हाटी उपटली, पुढच्या साली सोयाबीन पेरलं. पण तू खोटी ठरली. अन् ज्यानं खोटी ठरवली त्याच्या दुकानावरून रोज गाव जाये, येये. तू राखी बांधणं बंद केलं, माहेर बंद केलं, त्याचं नाव बंद केलं. मले म्हणे, "आता त्याले काही म्हणू नका. म्हणून काय होते?" मले वाटलं, तू सोडून देलं. मी तुले एवढ्या वर्षात कमीच ओळखलं.

मंग तुहे गुडघे गेले. वावरात जाणं बंद झालं. पायल नर्सिंग शिकायले अकोल्याले निघाली तवा तिनं तिचा जुना मोबाईल तुह्या हातात देला अन् त्यात तो फुटबॉलचा खेळ लावून देला. आपल्या गावात कबड्डी, शाळेच्या पुढे व्हॉलीबॉल. फुटबॉल आपण दोघायनं जन्मात पाहिला नव्हता. पायलनं समजावलं, "आजी, यात तू खेळायचं नाही. तू मॅनेजर. खेळाडू घ्यायचे, शिकवायचे, अकरा जण उतरवायचे. सामना संध्याकाळी आपोआप होते."

तू म्हणाली, "म्हणजे मुकादम."

"हाव, मुकादम. अन् या लीगमध्ये मामाआबाची बी टीम हाये. ते दुकानात बसल्या बसल्या खेळतात."

पोरगी भोळी. तिले वाटलं, भाऊ-बहीण खेळता खेळता बोलायले लागतील. तू मोबाईल मांडीवर ठेवला, चष्मा पुसला अन् म्हणाली, "दाखव मले पहिल्यापासून."

तुले इंग्रजी येत नव्हतं, पण रंग येत होते. हिरवा बाण वर, म्हणजे पोट्टा वाढून राह्यला. लाल बाण खाली, म्हणजे उतरला. नावापुढे तारे. पिवळे तारे म्हणजे पोट्टा आज कसा आहे. त्याच्या मागं फिकट तारे, म्हणजे पुढे कुठवर जाईन. मी पिवळे पाहो. तू पिवळ्याकडे पाहतच नव्हती. दर हंगामात लहान पोट्ट्यायची नवी तुकडी निघे, सोळा-सतरा वर्षांची, अन् त्यात ज्याले पिवळा एकच तारा अन् फिकट लय, तो तू उचले. त्यायची फिरंगी नावं तुह्या तोंडात बसेनात. पायलले फोन करून नावं बदलून घेतली. आपल्या घरच्या बैलायची नावं देली. सर्ज्या, हिऱ्या, पाखऱ्या, मोत्या. टीमचं नाव 'इंदूचा गोठा'.

दिग्याच्या टीमचं नाव 'दिगंबर किंग्ज'. त्यानं सारे तयार गडी विकत घेतलेले. पहिला सामना त्यानं आपल्याले असा धुतला की मले जेवण गेलं नाही. वरून त्या खेळातल्या गप्पांच्या जागेत त्यानं लिहून धाडलं, 'ताई, गोठा झाडून ठेव, पुन्हा येतो.' इतक्या सालात तुह्याशी त्याचं पहिलं बोलणं ते. मी वाचून दाखवलं. तू म्हणाली, "पाखऱ्याचा बाण हिरवा झाला, पाहा."

किती भांडलो आपण त्या खेळावरून. लग्नानंतर एवढे कधी भांडलो नव्हतो. मी म्हणो, "इक हे लेकरं. दोन तयार गडी आण अन् त्याचं तोंड फोड." तू म्हणे, "त्याले वाटते थैली फोडली का झाड उभं. पाहा तुमी, त्याले दरसाली नवी थैली लागन. माहे पोट्टे घरचे हायेत."

अन् तो म्हातारा. सर्व टीममध्ये एक पस्तिशीतला गडी तू ठेवला होता, पळता येये ना, दर सामन्यात त्याच्या बाजूनं गोल जाये. मी म्हणलं, याले पहिले हाकल. तू माह्याकडे असं पाहिलं, जसं काही मी आयुष्यभर शहरात राह्यलो. "गोऱ्हा पहिल्यांदा जुवाले लावता तवा दुसऱ्या बाजूले कोण असते?"

"म्हातारा बैल."

"मंग?"

त्या खेळात तशी सोय होती. मोठ्या गड्याच्या हाताखाली लहान पोट्टा लावता येये. तू सर्ज्याले त्या म्हाताऱ्याच्या हाताखाली लावला अन् सामन्यात मात्र उतरवला नाही. मी रोज विचारो, आज सर्ज्या? तू म्हणे, नाही. आज? नाही. सर्ज्याले तू दुसऱ्या एका बारक्या टीमकडे हंगामभर पाठवून बी देलं, तिथं त्याले खेळायले भेटन म्हणून. मी म्हणलं, "आपला पोट्टा लोकायच्या वावरात राबून राह्यला अन् आपण हरून राह्यलो." तू म्हणाली, "राबू द्या. येईन तवा खांदा भरलेला असन."

एक दिवस मी चिडूनच विचारलं. "तुले दिग्याले हरवायचं हाये का नाही?"

तू मोबाईल उलटा ठेवला. "एकदा हरवून काय करू? एकदा हरला तर म्हणन, नशीब. दोनदा हरला तर म्हणन, ताईनं खेळ शिकला. मले तो हरत राह्यलेला पाहिजे. दरसाली. त्यानं किती बी थैल्या आणल्या तरी. अन् माह्याजवळ दरसाली नवे पोट्टे पाहिजेत."

इंदे, त्या दिवशी मले कळलं का तुनं काहीच सोडलेलं नव्हतं. माहा राग तुऱ्हाटीवानी, भस्सकन पेटते अन् इझते. तुहा राग गोवरीचा. वरून राख दिसे, आत इस्तो. मी त्या राखेजवळ इतकी वर्षं झोपलो अन् मले ऊब लागे, पण कशाची ते मी कधी पाहिलं नाही.

सर्ज्या परत आला तवा त्याच्या पुढचे फिकट तारे पिवळे झाले होते. दिवाबत्तीच्या टायमाले सामना झाला. दिग्याचे किंग्ज एका गोलानं पुढे होते, मंग पाखऱ्यानं बरोबरी केली, अन् शेवटी सर्ज्या. मी ओसरीवर उठून उभा राह्यलो. तू हसली नाही, काही नाही. "चहा ठेवा," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी काहीच काम नसून दिग्याच्या दुकानावरून गेलो. तो खुर्चीतूनच म्हणे, "दाजी, नशीब होतं ताईचं." मी घरी येऊन तुले जसंच्या तसं सांगितलं. तू बोटं मोडत होती, थांबली. म्हणाली, "पुढच्या बारीले दुसरं बोलन." अन् पुढच्या बारीले तो बोलला, "ताईनं खेळ चांगलाच शिकला." आपण दोघं तवा हसलो. एवढे हसलो का शेजारची शेवंताबाई पाहाले आली, काय झालं म्हणून. तिले काय सांगावं?

मले त्या खेळात एक गोष्ट लय आवडे. तिथं पंचनामा नाही. गोल झाला तर झाला. भावानं म्हणलं झाला नाही, तरी झाला.

मंग तुह्या छातीत दुखायले लागलं अन् तुले खामगावले नेलं. ते काही लिहीत नाही. तिथं डॉक्टर चांगले होते, नर्स चांगल्या होत्या, तू गेली. मोबाईल उशाखाली होता. सर्ज्याच्या टीमले उद्याचा सामना होता.

तुले घरी आणलं. तू माह्या आधी गेली, म्हणजे सवाष्ण गेली, म्हणजे माहेरचं लुगडं आल्याशिवाय उचलता येत नाही. बायायनं न्हाऊ घातलं, हळद-कुंकू लावलं अन् वाट पाहत बसल्या. माहेरचं कोण? दिग्याच. आला तो, हातात हिरवं लुगडं. लोकायनं वाट सोडली. मी दारात उभा राह्यलो.

"दिग्या, थांब."

"दाजी, बाजूले व्हा ना."

"त्या सालचं बियाणं कोणाच्या दुकानातलं होतं?"

शेवंताबाई आतून म्हणे, "अवो, मयताच्या टायमाले हे काय लावलं?"

"लावलं," मी म्हणलं. "सांग रे. मंग लुगडं आत जाईन. नाही तर मी माह्या धोतरात गुंडाळून नेतो तिले."

दिग्याचे ओठ हलले. मी म्हणलं, मोठ्यानं. त्यानं लुगडं छातीशी धरलं अन् साऱ्या आळीसमोर बोलला. "माह्याच दुकानातलं होतं. ताईनं सरकी टोबली नव्हती. मी खोटं बोललो." धुऱ्यावर हसले होते ते सारे तिथंच होते, तिरडीचे बांबू बांधत होते. एकानं बी मान वर केली नाही.

मी बाजूले झालो. लुगडं आत गेलं.

लोक म्हणाले, झालं, फिटलं. काय फिटलं? अन् कोणाचं? इंदे, तुह्या कानात तवा कापसाचे बोळे होते. जिच्यासाठी ते बोलणं होतं तिच्या कानात कापूस. साऱ्या आळीनं ऐकलं, झाडावरच्या कावळ्यानं ऐकलं. तू नाही ऐकलं. मी आत येऊन तुह्या डोक्याशी बसलो, ते बोळे काढून फेकावं अन् दिग्याले म्हणावं, आता पुन्हा बोल, असं मले वाटलं. हात पुढे बी गेला. मंग लोकायनं उठवलं.

तेरवी झाल्यावर दिग्या ओसरीवर येऊन बसला. पाणी देलं, पेला तसाच ठेवला. म्हणे, "दाजी, ताई शेवटी माह्याबद्दल काही बोलली काय?"

मी म्हणलं, "बोलली."

त्याचे डोळे भरले. "काय बोलली?"

मी तवा काही ठरवलेलं नव्हतं. पण तुहा मोबाईल माह्या खिशात होता, अन् माह्या तोंडून निघालं, "तिच्या पोट्ट्यायले हरव. मंग सांगतो."

"दाजी, तो खेळ हाये."

"मंग खेळ."

तवापासून तो खेळून राह्यला. त्यानं नवे गडी आणले, मोठ्या नावाचे. पण तुहे पोट्टे आता भरात आहेत. सर्ज्या, हिऱ्या, मोत्या, सारे एकसाथ वयात आले, तू मांडलं होतं तसंच. मी फक्त अकरा नावं उतरवतो. दिग्या हरते अन् दुसऱ्या दिवशी येते. कधी केळी आणते, कधी नुसताच येते. "दाजी, आता तरी." मी म्हणतो, गोल किती झाले पाहिलं ना. मंग तो खाली पाहून चपलेनं माती उकरत बसते. त्याचे केस साफ पांढरे झाले. त्याच्या पोरायनं दुकान सांभाळायले घेतलं, म्हणे त्याचं ध्यान लागत नाही. मले बरं वाटते. खोटं काऊन लिहू? बरं वाटते.

पायल फोनवर रागावते. "आबा, मामाआबा माह्याजवळ रडले. सांगून टाका ना. आजीले हे आवडलं नसतं."

मी म्हणलं, "तुले आजी माहीत नव्हती, बाई. तुले लाडू देणारी बाई माहीत होती."

ती म्हणे, "पण तुमी तरी किती दिवस करसान?"

तो सवाल खरा आहे. सर्ज्याचा बाण आता आडवा झाला, पुढच्या हंगामात लाल होईन. पाखऱ्याचा झाला बी. घरचे पोट्टे बी म्हातारे होतात, हे तुले माहीत होतं, म्हणून तू दर हंगामात नवे उचले. आता नवी तुकडी निघाली तवा मी एकटाच चष्मा लावून बसलो. माहा डोळा पिवळ्यावरच जाये. बोटानं पिवळे झाकले अन् नुसते फिकट पाहिले. एक पोट्टा निवडला. त्याचं नाव तेच ठेवलं, फिरंगी. नावं ठेवणं तुहं काम होतं.

आता एक गोष्ट लिहितो. ती फक्त तुह्यासाठी आहे, बाकीच्यायनं वाचली तर वाचू दे. गेल्या सामन्यात बरोबरी चालली होती. शेवट आला अन् दिग्याचा एक गडी चेंडू घेऊन एकटाच सुटला. पुढे कोणी नाही. तो गोल झाला असता तर दिग्या सकाळी येऊन बसला असता अन् मले सांगावं लागलं असतं, मी शब्द देलेला आहे. अन् सांगून टाकलं असतं तर माह्याजवळ काय राह्यलं असतं? तुही लुगडी पायलनं नेली, काही शेवंताबाईले देली. गुडघ्याचं तेल संपलं. तुहं ते शेवटचं बोलणं, तेवढंच एक आहे जे दुसऱ्या कोणाजवळ नाही.

अन् ते बी माह्यासाठी नव्हतं. मी उशाशी बसून चमच्यानं पाणी सोडत होतो. सारा संसार माह्याबरोबर केला, अन् जाताना जे बोलली ते दिग्याबद्दल बोलली. मले वाटलं, माह्यासाठी बी काही असन. मी वाकून कान जवळ नेला. तू डोळे मिटले. म्हणून दिग्यावरचा माहा राग आता नुसता बियाण्याचा नाही, इंदे. अन् तुह्यावर बी थोडा आहे. तो कुठं काढू? तू सांग.

चेंडू बाहेर गेला. बरोबरी राह्यली. दिग्याचा लगेच फोन आला. म्हणे, "दाजी, बरोबरी झाली. मंग अर्धं तरी सांगा."

मले हसू आलं. तू असती तर शेवंताबाई पुन्हा पाहाले आली असती. मी त्याले म्हणलं, "बरोबरीत अर्धं भेटत नाही रे." त्यानं फोन ठेवला नाही. मी बी ठेवला नाही. लय वेळ दोघं तसेच कानाले लावून बसलो. मंग तो म्हणे, "जेवले काय?" मी म्हणलं, "तुले काय करायचं?" अन् ठेवून देला.

दिग्या हे मासिक घेते. पान उघडन, अन् तू काय बोलली ते वरून खालपर्यंत धुंडाळन. इथं ते नाही. संध्याकाळी सामना आहे. सर्ज्याले बसवलं, नव्या पोट्ट्याले उतरवून राह्यलो.